पाच रेघांवरचा धवला

मित्रांनो, मी एक जुनी क्लॅरिनेट आहे. लग्नाच्या बँडमध्ये गाल फुगवून वाजवतात ती लांब काळी नळी तुम्ही पाहिली असेल, तीच मी. माझं अंग काळ्या लाकडाचं, त्यावर धातूच्या चाव्या, आणि तोंडाशी वेताची एक पातळ पत्ती. ती थरथरली की मला आवाज फुटतो. पण आज मला माझ्यापेक्षा, मला वाजवणाऱ्या नाथाविषयी बोलायचं आहे, कारण माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं जे घडलं, ते त्याच्या सोबतीनेच घडलं.

माझा जन्म समुद्रापलीकडचा. दुसऱ्या महायुद्धात एका गोऱ्या पलटणीच्या बँडबरोबर मी कल्याणच्या लष्करी छावणीत आले. युद्ध संपलं, पलटण निघून गेली आणि मी कल्याणच्या बाजारात फौजी बूट आणि फुटक्या कंदिलांच्या ढिगात येऊन पडले. तिथून ठाण्याच्या धाकू मास्तरांनी मला उचललं. त्यांची स्वतःची बँडपार्टी होती. दुकानदार घाई करत होता, पण मास्तरांनी मला उन्हाकडे धरून आतून नीट न्याहाळलं, मगच पिशवीत घातलं.

नाथा त्यांच्याकडे आला तेव्हा वीस वर्षांचा होता; मास्तरांनी मला त्याच्याच हाती दिलं. ठाण्याजवळच्या बाळकुमचा आगरी. वडील मिठागरावर राबता राबताच गेले होते. आई ठमाबाई धवलारीण होती. म्हणजे आगऱ्यांच्या लग्नात धवले ही लग्नगीतं गाऊन सगळे विधी पार पाडणारी बाई. तिच्याशिवाय त्या पंचक्रोशीत हळद लागत नसे. नाथाने कान आईचा घेतला होता. कुठलंही गाणं एकदा ऐकलं की दुसऱ्या दिवशी ते माझ्यातून जसंच्या तसं बाहेर पडे. ठाणे, कोपर, ठाकुर्ली, कल्याण, जिथे वरात असेल तिथे आम्ही जात असू. लोक नाचत, आणि पंगती उठल्यावर मांडवाच्या कडेला बँडवाल्यांची पानं मांडली जात. नाथा जेवायच्या आधी मला पुसून पेटीत ठेवी. ती सवय त्याला धाकू मास्तरांनी लावली होती.

एकोणीसशे त्रेपन्न सालच्या मार्गशीर्षात डोंबिवलीला एक लग्न होतं. शेजारच्या चाळीच्या गॅलरीत श्रीपादराव नावाचे गृहस्थ उभे होते. ते मुंबईत गाण्यांच्या रेकॉर्डिंगला व्हायोलिन वाजवत. वरात थांबली तसे ते खाली आले आणि म्हणाले, "तुमच्या हातात गोडवा आहे हो. आमच्याकडे क्लॅरिनेटवाला हवाय. नोटेशन वाचता ना?"

नोटेशन म्हणजे काय, हे नाथाला ठाऊक नव्हतं. पण रेकॉर्डिंगला त्याला कुणी कधी विचारलंच नव्हतं. तो म्हणाला, "हो, वाचतो की."

मित्रांनो, त्या एका 'हो'ने सगळा घोटाळा केला.

सोमवारी दादरच्या स्टुडिओत चाळीस वादक अर्धवर्तुळात बसले होते. प्रत्येकासमोर कागद होता. त्यावर पाच पाच रेघा, आणि रेघांवर टिंबं. संगीत संचालकांचा हात खाली आला आणि सगळे एकदम वाजवू लागले. नाथाने थोडं ऐकून अंदाजाने सूर धरला. तो चुकला. पुन्हा सुरुवात झाली, पुन्हा चुकला. तिसऱ्या वेळी संचालकांनी हात थांबवला आणि शांतपणे विचारलं, "तुम्हाला हे वाचता येत नाही का?" संचालक श्रीपादरावांकडे वळले. "कुणाला आणता तुम्ही?" श्रीपादरावांचे कान लाल झाले. नाथाच्या बोटांना फुटलेला घाम माझ्या चाव्यांना लागत होता. त्याने मला तिथेच तीन तुकड्यांत सुटं करून पेटीत घातलं, न पुसता.

घरी आल्यावर ती पेटी भाताच्या कणगीमागे गेली. नाथा बँडकडेही फिरकला नाही. सरळ मिठागरावर कामाला लागला. पौष गेला, माघ गेला. खाऱ्या हवेने माझ्या चाव्या हिरव्या पडल्या, त्यांच्याखालच्या, भोकं झाकणाऱ्या मऊ गाद्या कुजल्या. मी पडून पडून घसा बसल्यासारखी झाले होते.

फाल्गुनात एके सकाळी, नाथा कामावर गेल्यावर, ठमाबाईंनी पेटी ओढून काढली. लुगड्याच्या पदराने मला पुसलं, पेटी टोपलीत ठेवली, वर वालाच्या शेंगा घातल्या आणि एकट्या डोंबिवलीला आल्या. विचारत विचारत श्रीपादरावांच्या दारात उभ्या राहिल्या.

"मी नाथाची आयस," त्या म्हणाल्या.

श्रीपादरावांचा चेहरा ताठ झाला. "त्याने मला मान खाली घालायला लावली, बाई."

"लावली. पोऱ्या खोटा बोलला. त्याची माफी त्यो मागंल, मी नाय मागत. मी इचाराला आयलू, त्याला ता कागद वाचाला शिकवशील का?"

"अहो, वर्ष जाईल त्यात!"

"जाऊं दे. मना सासूनं सात वर्सं मागं बसवलेली. तवा कुठं पुढं बसून धवला गावाला मिलाला."

श्रीपादरावांनी मान वर केली. "तुम्ही गाता?"

"धवले गातंय."

"गा बघू एखादा."

ठमाबाई तिथेच जमिनीवर बसल्या, डोळे मिटले आणि हळदीचा धवला गायल्या. खोलीत हळद नव्हती, नवरी नव्हती, तरी त्यांचा आवाज मांडवात लागावा तसा लागला. श्रीपादरावांच्या पत्नी हेमाताई आतून पीठभरल्या हातांनी बाहेर आल्या आणि दाराला टेकून उभ्या राहिल्या. श्रीपादरावांनी दौत पुढे ओढली. "परत एकदा. सावकाश," असं म्हणत ते कागदावर टिंबं काढत गेले. धवला संपला तेव्हा ते म्हणाले, "रविवारी पाठवा त्याला."

रविवारी नाथा आला. मान खाली घालून त्याने माफी मागितली. श्रीपादराव "बस" एवढंच म्हणाले आणि कागद पुढे सरकवला. "खालची रेघ इथून मोज. हे टिंब म्हणजे हा सूर. पोकळ टिंब लांबवायचं, भरीव टिंब लवकर सोडायचं." माझ्या गाद्या धाकू मास्तरांनी आदल्याच दिवशी बदलून दिल्या होत्या. नाथा एकेक टिंब शोधी, सूर काढी, थांबे, पुन्हा शोधी. पहिली ओळ अशीच अडखळत सरली. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर त्याची बोटं थबकली. त्याने मला ओठांवरून खाली घेतलं.

"ह्यो तर माझ्या आयेचा धवला!"

"हो," श्रीपादराव म्हणाले. "जसा त्या गायल्या तसाच."

नाथा त्या कागदाकडे बघतच राहिला. मग त्याने ती ओळ पहिल्यापासून वाजवली, आणि पुन्हा वाजवली. किती वेळा ते मलाही आठवत नाही. आपलं मांडवातलं गाणं या रेघांमध्ये मावतं, हे कळल्यावर त्याला त्या रेघांचं भय उरलं नाही. पुढे घरी ठमाबाई चुलीपाशी गात आणि नाथा पाटीवर टिंबं काढी. चुकलं की त्या ओरडत, "असा नाय रं! मी वर गेलू, तू खाली कं चाललास?" चौदा महिने असे गेले.

मग श्रीपादरावांनी त्याला पुन्हा त्याच स्टुडिओत नेलं. तेच संचालक, तसाच कागद. या वेळी वाजवायच्या आधी नाथा उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, चौथ्या ओळीतली ही खूण मला कळली नाही. सांगता का?" कुणीतरी हसलं. संचालक हसले नाहीत. त्यांनी जवळ येऊन समजावलं. पहिल्याच फेरीत गाणं पार पडलं. निघताना ते नाथाला म्हणाले, "उद्या दहाला या."

वादकाच्या कारकिर्दीत याहून मोठी शाबासकी नसते, मित्रांनो. पुन्हा बोलावणं येणं, एवढंच. नाथाला ते वर्षानुवर्षं येत राहिलं. तो अर्धा तास आधी पोचे, खिशात वेताच्या तीन जादा पत्त्या ठेवी, आणि जे येत नाही ते येत नाही म्हणून सांगे. हळूहळू मोठे संचालक त्याचं नाव घेऊन मला मागू लागले.

एकदा ठमाबाईंनी विचारलं, "तबकडीवर तुझा नाव लिव्हतात का रं?"

"नाय आये. वाजवणाऱ्यांची नावं नसतात."

त्या हसल्या. "धवलारणीचा तरी कोन लिव्हतं! पन बोलवाला आपल्यालाच येतात ना?"

अठ्ठावन्न साली नाथाने नवी क्लॅरिनेट घेतली. मी पुन्हा कणगीमागे जाणार, असं मला वाटलं. पण त्याने मला ठाण्याला, धाकू मास्तरांच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेलं आणि बँडच्या वादकांसाठी रविवारचा वर्ग सुरू केला. सनईवाले, कॉर्नेटवाले, ढोलवालेसुद्धा आले. नाथाने फळ्यावर पाच रेघा ओढल्या. वळून बघतो तर पहिल्या रांगेत, साठी उलटलेले, पुढचे दात पडलेले धाकू मास्तर मांडीवर पाटी घेऊन बसले होते.

"मास्तर, तुम्ही कशाला?" नाथा ओशाळून म्हणाला.

"अरे, चाळीस वर्षं वाजवलं," मास्तर म्हणाले. "काय वाजवलं ते आता वाचून तरी बघतो. तू शिकव. चुकलो तर रागाव."

नाथाने खाली वाकून त्यांची पाटी सरळ केली, पेन्सिल त्यांच्या बोटांत नीट धरवली, आणि पहिलं टिंब त्यांच्याकडूनच काढून घेतलं.

मित्रांनो, आता दर रविवारी मी निदान सात जणांच्या तोंडी लागते, आणि मला ते फार आवडतं. तुमच्या घरी एखादं वाद्य कोपऱ्यात पडून असेल, तर आज त्याची पेटी उघडा. मऊ फडक्याने त्याला पुसा. वाजवता येत नसेल, तर येत नाही असं खुशाल म्हणा, आणि ज्याला येतं त्याच्या दारात जाऊन उभे राहा.