ती माश्यांची घाण नव्हती

आधी एक गोष्ट ठणकावून सांगतो, मगच पुढे बोलतो. माझ्या अंगावर निळ्या रंगात जे बारीक बारीक ठिपके दिसतात ना, ती माश्यांची घाण नाही. ती बेटं आहेत. आपल्या देशाची बेटं!

मी एक जुना नकाशा आहे, मित्रांनो. हिंदुस्थानचा. छापलेला नव्हे, हाताने काढलेला. सध्या माझा मुक्काम शाळेच्या माळ्यावर, मोडक्या बाकांच्या मागे आहे. गुंडाळी करून सुतळीने बांधलंय मला. असू दे. नकाशे जुने व्हायचेच. माझा संताप वेगळ्या गोष्टीसाठी आहे आणि तो बोलून दाखवल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.

माझा जन्म १९४० सालचा. नगर जिल्ह्यात, अकोल्याच्या डोंगरात, राजूरच्या बाजाराला जाणाऱ्या वाटेवर एक गाव आहे. नाव सांगत नाही, उगाच गावाची अब्रू कशाला काढा? तिथल्या शाळेचा छापील नकाशा वाळवीने खाल्ला. नवा मागवला तर वरून उत्तरच येईना. तेव्हा दत्तोपंत मास्तर म्हणाले, "वाट कुणाची बघायची? मीच काढतो." त्यांनी मांजरपाट आणला, खळ लावून ताठ केला, उन्हात वाळवला. मग दोन महिने शाळा सुटली की ते माझ्यापुढे मांडी घालून बसत.

छापील नकाशात ज्याचं राज्य त्याचा रंग. इंग्रजांचा मुलूख तांबडा, संस्थानं पिवळी. दत्तोपंतांना ते मुळीच पटत नसे. त्यांनी डोंगर तपकिरी केले, भाताचा मुलूख हिरवा केला, वाळवंट पिवळं केलं. दीववर पोर्तुगीजांचं राज्य, जंजिऱ्यावर नवाबाचं, पण दत्तोपंत म्हणत, "राज्य आज आहे, उद्या नाही. बेट जागच्या जागी राहतं."

एवढा समजूतदार माणूस! पण चूक त्यांचीही झालीच, आणि मी ती झाकणार नाही. जमीन आणि समुद्र त्यांनी तैलरंगात रंगवले. बेटं शेवटी ठेवली. बेटांची वेळ आली तेव्हा रंगाचा डबा खडखडीत रिकामा! मग शाळेतल्या शाईच्या वड्या भिजवून त्यांनी बेटं काढली. एकेका ठिपक्यावर मान मोडेपर्यंत काम केलं, शेजारी मुंगीएवढ्या अक्षरांत नावं लिहिली, सगळं खरं. तरी बेटांच्या वाट्याला उरलंसुरलंच आलं ना? पुढचा सगळा घोळ तिथूनच झाला.

त्या गावात भागूबाई नावाची बाई राहायची. हिरडा गोळा करायचा आणि पाटी डोक्यावर घेऊन राजूरच्या बाजाराला जायचं, हा तिचा नेम. तिचा एकुलता एक मुलगा आसाराम, उत्तम सुतार. १९४१ च्या संक्रांतीनंतर एका ठेकेदाराने अंदमानातल्या लाकडाच्या गिरणीसाठी सुतार गोळा केले, त्यांत तो गेला. स्वतःच्या पायांनी गेला, पगारावर गेला. पण गावाला अंदमान म्हटलं की एकच गोष्ट ठाऊक, काळं पाणी! लोक म्हणू लागले, "भागीचा पोरगा काळ्या पाण्यावर गेलाय. खून पाडला असंल, त्याबिगर कोन जातंय तिथं?" आसारामची ठरलेली सोयरीक मोडली. भागूबाई पाणवठ्यावर आली की बाकीच्या बाया घागरी उचलून चालू लागायच्या.

सांगा, याला काय म्हणावं? एका बेटाचा तुम्हाला एक तुरुंग तेवढा माहीत! तिथले आभाळाला टेकलेले पडौकाचे वृक्ष, त्यांचं लालभडक लाकूड, ओंडके ओढणारे हत्ती, त्या रानात हजारो वर्षं राहणारी माणसं, यांतलं काही माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायची इच्छाही नाही!

दत्तोपंतांना हे कळलं तसं त्यांनी भागूबाईला शाळेत बोलावलं. तिचं बोट धरून माझ्या अंगावर टेकवलं. "भागूबाई, हे मद्रास. इथून तुमचा आसाराम बोटीत बसला. इथून उगवतीकडे तुमची चार बोटं मोजा. हां, हे अंदमान. आसाराम इथे आहे."

भागूबाईने चार बोटं मोजली आणि ठिपक्यावर टेकवलेलं पाचवं बोट तिथून किती तरी वेळ उचललंच नाही.

पुढच्या वर्षी लढाई तिथे पोचली. जपान्यांनी अंदमान घेतलं. आसारामची पत्रं बंद झाली. आता भागूबाई दर बाजाराच्या दिवशी शाळेत यायची, पाटी उंबऱ्याबाहेर ठेवायची, मद्रासेपासून चार बोटं मोजायची, ठिपक्याला हात लावायची आणि तोच हात कपाळाला लावून वाटेला लागायची. तिचा जीव रमावा म्हणून दत्तोपंत प्रत्येक खेपेला तिला एकेक बेट सांगू लागले.

काय सांगू, मित्रांनो, ते माझ्या आयुष्यातले सोन्याचे दिवस! निकोबारची घरं खांबांवर उभी, गोल, आपल्याकडे कापलेल्या भाताच्या उडव्या रचतात ना, तशी. लखदीव बेटांवर नारळ आणि काथ्या, पण एक टेकडीसुद्धा नाही. "चढच न्हाई?" डोंगरात जन्मलेली भागूबाई हसली, "मग मानसं थकत्यात तरी कशानं?" मिनिकॉय बेटावर घर बाईच्या नावाचं आणि लग्न झालं की नवरा नांदायला बायकोकडे येतो. त्यावर ती म्हणाली, "मास्तर, ह्ये बेट हिकडं अकोल्याजवळ सरकवता येतंय का बगा!" रामेश्वर हेसुद्धा बेट आहे हे ऐकून तिने तिथल्या तिथे हात जोडले. घारापुरीच्या डोंगरात कोरलेला तीन तोंडांचा महादेव. आणि आसामात, ब्रह्मपुत्रेच्या पोटात माजुली. नदी तिला दरसाल कुरतडते, तरी तिथली माणसं मठांत भजनं गातात, मुखवटे करून नाटकं खेळतात. एकासारखं दुसरं नाही!

१९४३ च्या उन्हाळ्यात दत्तोपंतांना पेन्शन झाली. ते नगरला गेले आणि राधाकृष्ण मास्तर आले. माणूस वाईट नव्हता, पण परीक्षेत जे येत नाही ते त्यांच्या लेखी जगातच नव्हतं. बेटांचा धडा त्यांनी गाळला. "बेटं विचारत नाहीत," म्हणाले. अरे, विचारत नाहीत म्हणून ती नाहीत का?

दिवाळीनंतर दिपोटी साहेब शाळा तपासायला येणार होते. झाडलोट सुरू झाली. शाळेचा शिपाई गोरक्ष रिठ्याचं पाणी आणि फडकं घेऊन माझ्यापुढे उभा राहिला. "मास्तर, नकाशावर माश्या लई हगल्यात. निळ्यावर तर निसती रांगोळी घातलीया." मास्तर वहीतून मान वर न करता म्हणाले, "मग पूस की. विचारतोस काय?"

आणि गोरक्षने मला पुसलं! तैलरंगाच्या डोंगरांना काही झालं नाही. शाईची बेटं मात्र गेली. निकोबार गेलं, लखदीव गेलं, मिनिकॉय गेलं. एक ठिपका जरा चिवट निघाला, तर त्याने नखाने खरवडून काढला. तो अंदमानचा होता. मी ओरडत होतो, पण कापडाचं ओरडणं ऐकतो कोण? वर मास्तरांनी शाबासकी दिली. दिपोटी साहेबांनी तर कळसच केला. शेऱ्याच्या वहीत लिहिलं, "देशाचा नकाशा स्वच्छ ठेवला आहे." स्वच्छ! अर्धा समुद्र ओसाड करून स्वच्छ!

तिसऱ्या दिवशी बाजार होता. भागूबाई आली, पाटी बाहेर ठेवली, मद्रासेपासून चार बोटं मोजली. नुसतं निळं. तिने पुन्हा मोजली. पुन्हा निळंच.

"मास्तर, माजं बेट कुटं गेलं?"

"कसलं बेट? तिथे घाण होती, ती पुसली," मास्तर म्हणाले.

तिला ते ऐकूच गेलं नसावं. गेल्याच बाजारी कुणीतरी तिला म्हणालं होतं, जपानी बॉम्बनी तिकडची बेटंच्या बेटं बुडाली. ती मटकन खाली बसली. "बुडालं. बुडालं माजं लेकरू," म्हणून तिने जो हंबरडा फोडला, त्याने पोरं बाकावरून उठून उभी राहिली. गोरक्ष धावत आला. काय झालं ते कळल्यावर त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "आये, बुडालं न्हाई, म्यां पुसलं. मला वाटलं माश्या..."

तिने डोळे पुसून त्याच्याकडे पाहिलं. "तू पुसलंस? पान्यात न्हाई बुडालं?"

"न्हाई. ह्या हातानं पुसलं."

"गोरख्या, मुडद्या," ती म्हणाली आणि रडता रडता हसायला लागली.

मास्तर वरमले. शाईत टाक बुडवून त्यांनी घाईघाईने एक ठिपका उठवला. "हे घ्या तुमचं अंदमान. झालं?"

कुठे उठवला असेल? मुंबईच्या खाली, मावळतीच्या समुद्रात! मला तर संतापाने खिळ्यावरून उडी मारावीशी वाटली. पण त्या दिवशी माझ्या वतीने बोलणारं माणूस समोर उभं होतं. भागूबाईने पदर खोचला.

"तिकडं न्हाई, मास्तर. ती मावळत हाय. माजा ल्योक उगवतीला गेलाय. ह्या काठापासून चार बोटं मोजा. तुमची नगं, माजी." तिने आपली बोटं ठेवली. मास्तरांनी तिथे अंदमान काढलं. "ठिपका नगं, उबी वळ काढा. उभट हाय त्ये. त्याच्या खाली जागा सोडून निकोबार. घरं तिथं उडवीवानी, ध्येनात ठेवा. आता टाक उचललाच हाय, तर मावळतीला खाली या. तिथं लकदिवं, समदी सपाट. त्येच्याबी खाली एकटंच बायांचं बेट. ह्ये टोकाला रामेश्वर. आन् वर आसामात नदीच्या पोटात एक हाय, बारीक काढू नगा, आदीच नदी खाती त्येला."

एक अक्षर न शिकलेली बाई सांगत होती आणि मास्तर काढत होते. पोरं श्वास रोखून ऐकत होती. शेवटी मास्तरांनी टाक खाली ठेवला. "भागूबाई, मला यांतली निम्मी ठाऊक नव्हती," ते म्हणाले. खरं बोलले, म्हणून मी त्यांना निम्मं माफ केलं. पुढच्या बाजारापासून बेटांचा धडा भागूबाईच्या पुढ्यात होऊ लागला. पोरांनी घरी जाऊन सांगितलं, अंदमानात गिरणी आहे, हत्ती आहेत, आसारामदादा तिथे सुतार आहे. आणि हळूहळू पाणवठ्यावरच्या घागरी जागच्या जागी राहू लागल्या.

भागूबाईच्या बोटाने अंदमान सारखं झिजायचं. गोरक्ष न सांगता ते पुन्हा गिरवायचा.

मला माळ्यावरून खाली काढा, असं मी म्हणत नाही, मित्रांनो. पण कधी हातात फडकं आलं, तर पुसण्याआधी एवढं विचारा, हे काय आहे? इथे कोण राहतं? ज्याला तुम्ही डाग म्हणता, तिथे कुणीतरी चूल पेटवून बसलेलं असतं. आता आसाराम आला त्या दिवसाचं सांगतो आणि गुंडाळीत जातो.

लढाई संपली आणि १९४५ च्या मार्गशीर्षात तो आला. नुसता हाडांचा सापळा. जपान्यांच्या अमलात काय भोगलं ते त्याने कुणाला सांगितलं नाही. भागूबाईने त्याला घरी न्यायच्या आधी शाळेत आणलं. मद्रासेपासून चार बोटं मोजली आणि त्याचं बोट अंदमानावर ठेवलं. "हितं हुतास तू."

आसाराम बघतच राहिला. मग म्हणाला, "एवढंसंच हाय व्हय, आये?"

तिने त्याच्या हातावर एक चापट मारली.

"एवढंसं म्हनू नगं. पाच वर्सं माजं अख्खं लेकरू मावलं त्यात."