बाहेरचं संशोधन

“सभेत शिरण्याआधी घोटभर पाणी पी, सुमित्रा. घसा कोरडा असला की माणूस मुद्दा सोडून भांडायला लागतो.”

यशवंतसरांना जाऊन बरीच वर्षं झाली. तरी भोपाळच्या विद्यापीठाच्या सभागृहाची पायरी चढताना सुमित्राबाईंना आपल्या गुरूंचा हा आवाज हटकून ऐकू यायचा. आज त्या दोन घोट जास्तच प्यायल्या.

प्रश्न क्षितिजाचा होता. उज्जैनची ही मराठी मुलगी पाण्यातल्या विषारी धातूंवर त्यांच्या हाताखाली पीएचडी करत होती. पीएचडी झालेली मुलं ‘अतिथी विद्वान’ म्हणवत, तासिकांच्या पगारावर कॉलेजांचे उंबरे झिजवतात, त्यांना दुसरं काही येत नाही, हे सुमित्राबाईंना बघवेना. म्हणून त्यांनी झगडून नवा नियम करवून घेतला होता: प्रत्येकाने सहा महिने विद्यापीठाबाहेर, खऱ्या कामाच्या जागी संशोधन करायचं. पहिली गेली क्षितिजाच, कोलार रोडच्या एका पाणी-तपासणी प्रयोगशाळेत. सहा महिने संपले तरी ती तिथे जातच होती, आणि तिथे तिला नोकरीही देऊ केली होती. अट एकच, उन्हाळ्याआधी पदवी हातात हवी.

“मॅडम, हे महिने बेकार तर नाही ना जाणार?” जाताना तिने विचारलं होतं.

“नाही जाणार. माझा शब्द.”

आणि आता अधिष्ठाता प्रभाकर फणसे तोच नियम ठासून वाचत होते. “‘बाहर किया गया संशोधन मान्य होगा.’ वाह! यानी बाहर बैठकर कोई भी हमारे नियम बदल दे, और हम मान लें?”

सभेत हशा पिकला.

चूक सुमित्राबाईंना आत्ता दिसली. हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती. आपण ज्याला संशोधन म्हणतो त्याला तिथे शोध म्हणतात. मसुदा त्यांच्याच हातचा, आणि मंजूर करताना कुणी नीट वाचलाही नव्हता. जन्म पुण्यात, संसार भोपाळात. हात हिंदी लिहीत होता, शब्द मात्र माहेरचा उतरला.

“शोध का कहीं जिक्र नहीं,” फणसे म्हणाले. “मतलब लड़की छह महीने गैरहाजिर थी. दोबारा करे.”

दोबारा म्हणजे नोकरी गेलीच.

सुमित्राबाई उठल्या. आवाज नेहमीसारखाच हळू, ऐकायला सगळ्यांना कान द्यावा लागला. “फणसे सर,” त्या मराठीत म्हणाल्या, “तुम्ही ग्वाल्हेरचे. तुमच्या घरी संशोधन कशाला म्हणतात?”

“घरी आम्ही श्रीखंडही खातो, बाई. म्हणून सभेत वाटायचं का?”

“पण मला काय म्हणायचं होतं, ते मी नियमासाठी झगडले तेव्हाच तुम्हाला कळलं होतं.”

फणसेंनी मसुद्याचा कागद खाली ठेवला.

“अरे भाई, अनुवाद कीजिए!” कुलगुरू वैतागले.

फणसेंनी अनुवाद केला, आणि खरा केला. तेवढा माणूस सच्चा होता. “मॅडम का मतलब शोध से ही था. लेकिन वहाँ शोध हुआ या नौकरी, किसने देखा? आप कभी गईं, मॅडम?”

मुलांना बाहेर पाठवा म्हणून सुमित्राबाईंनी आकाशपाताळ एक केलं होतं. स्वतः मात्र त्या प्रयोगशाळेची पायरी चढल्या नव्हत्या. विद्यार्थ्याला फाटकाबाहेर काढणारा नियम गुरूला आत ठेवून मोकळा झाला होता.

“नहीं गई,” त्या म्हणाल्या. “अब जाऊँगी. उसके साथ बैठूँगी, काम सीखूँगी.”

“प्रोफेसर अब चेली बनेंगी?” फणसेंनी विचारलं.

“जी.”

“और शोध न निकला तो?”

“तो मैं ही कह दूँगी.”

कुलगुरूंनी निर्णय पुढच्या बैठकीवर ढकलला.

क्षितिजा जिन्यापाशी उभी होती, ओढणीचं टोक मुठीत घट्ट. “झालं का, मॅडम?”

“अर्धं. उद्या तुझ्याकडे शिकायला येते. आणि ऐक, मी जे पाहीन तेच सांगेन. गोड करून नाही.”

तिचा चेहरा उतरला, मग सावरला. “या ना. पण तिथे कोणी मॅडम-बिडम म्हणत नाही हं. नव्या माणसाला पहिल्यांदा बाटल्या धुवाव्या लागतात.”

“धुवीन.”

सकाळी नेमाचा जप झाल्यावर सुमित्राबाईंनी हातातल्या बांगड्या उतरवून कपाटात ठेवल्या. विद्यापीठाची गाडी त्यांनी मागवली नाही. घराजवळच्या, अरेरा कॉलोनीच्या वळणावर येऊन त्यांनी ऑटोला हात केला. “कोलार रोड चलोगे, भैया?”