टेकचंदांसाठी पाणी

टेकचंदांच्या दंडारीचे, म्हणजे गावच्या लोकनाट्याचे, चित्रण फुलचूरच्या घरी हेमेंद्रच्या खोलीतल्या संगणकावर होते. बैठकीतला प्लेअर ते वाय-फायवरून टीव्हीवर दाखवी. टेकचंद गेल्यापासून निर्मलाबाईंना नवऱ्याचा आवाज तेवढ्यातच ऐकू येई. पण रोज संध्याकाळी ते दोन ओळी गात आणि चित्र थांबे. पडद्यावर सूचना उमटे, ‘नेटवर्क तुटले.’

“त्याइच्याच गाण्याले काऊन रुसते रे हे?” निर्मलाबाई लेकाला विचारत.

“यंत्र रुसत नाही, माय.” हेमेंद्र भौतिकशास्त्र शिकवत असे. त्याने वायर बदलली, प्लेअर नव्याने जोडून पाहिला. दुपारी एकट्याने तपासले की गाणे शेवटपर्यंत चाले. यंत्र तेच, जागा तीच. मग संध्याकाळी वेगळे काय घडत होते?

त्या दिवशी त्याने टीव्हीऐवजी आईकडे पाहिले. गाणे सुरू होताच ती उठली आणि तिने पाण्याने भरलेला पितळी गुंड टीव्हीशेजारच्या कोनाड्यात, राऊटरच्या अगदी पुढ्यात ठेवला. चित्र थांबले.

“हे कायले, माय?”

“गाऊन गाऊन गळा सुके त्याइचा. पडद्यामागं मीच पाणी घेऊन उभी राहो. आता काय तसंच गाऊ देऊ?”

पितळ आणि पाणी लहरी अडवतात, हे हेमेंद्रने सांगितले नाही. त्याने राऊटर काढून दारावरच्या खिळ्याला टांगला. तिसरी ओळ आली, मग चौथी.

“पाह्य, पाणी भेटलं तं आवाज कसा मोकळा झाला!”

“हो, माय,” हेमेंद्र म्हणाला, आणि कोणी न पिताही थोडा रिता दिसणारा गुंड भरून आणायला उठला.