तुटके जीवनसत्त्व काढणाऱ्याचे गाऱ्हाणे

मी एक जुना दुरुस्तीवाला आहे, मित्रांनो, आणि खरे सांगायचे तर पुरता कावलेला आहे. माझ्याकडे पेटी नाही की पाना नाही. मी एका जिवाणूच्या पोटातले प्रथिन आहे. इतका लहान, की साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही.

आमचा जिवाणू ग्लिसरीनवर जगतो. त्या ग्लिसरीनवर प्रक्रिया करण्याचे काम एका एन्झाइमकडे आहे. मी त्यांना साहेब म्हणतो, कारण त्यांचा सगळा मोठेपणा दुसऱ्याच्या जिवावर चालतो. त्यांना हाताशी ब-बारा जीवनसत्त्व लागते. ते घेऊन साहेब झपाट्याने काम करतात आणि कामाच्या भरात तेच मोडून ठेवतात. बरे, मोडले तर सोडावे ना? सोडायचे नाव नको! तुटके जीवनसत्त्व मुठीत घट्ट धरून साहेब ढिम्म बसतात. मग मी धावतो. माझा एक छोटा भाग त्यांच्या एका भागाच्या जागी घुसवतो, मूठ सैल करतो, तुटके बाहेर पडते. मी बाजूला होतो, नवे आत जाते, काम सुरू. असे किती साहेब माझ्या हाताखालून गेले असतील! एकाने तरी 'बरे केलेस' म्हटले असेल तर शपथ.

पुढे एका संशोधक बाईंनी आमचे जिवाणू फोडायला घेतले. त्यांना फक्त साहेब हवे होते. आमचा रस त्यांनी एका नळीतून गाळला, साहेबांना स्वच्छ कुपीत बसवले आणि आम्हा बाकीच्यांना एका बाटलीत भरून वर 'टाकाऊ' लिहिले. दर खेपेला ती बाटली बेसिनमध्ये रिकामी व्हायची. माझी कितीतरी भावंडे अशी नळाच्या पाण्याबरोबर गेली. त्याचे दुःख मला अजून आहे.

स्वच्छ साहेब पाच मिनिटे काम करत आणि बंद पडत. बाई आणखी जीवनसत्त्व ओतत. पालथ्या घड्यावर पाणी! तरी पुन्हा ओतत. 'अहो, आधी जुने काढा!' असे आम्ही बाटलीतून ओरडत होतो, पण प्रथिनाचे ऐकतो कोण? शेवटी विभागप्रमुखांनी बजावले, "शनिवारपर्यंत चाललं नाही, तर हे काम बंद. सगळे जिवाणू उकळून टाका." म्हणजे बाईंची चार वर्षे आणि आमचे अख्खे घराणे एकाच भांड्यात जाणार होते.

शुक्रवारी बाई कुप्यांवर खुणा करण्यासाठी पेन्सिलीला टोक काढत होत्या. टोक निघेना. त्यांनी शार्पनरमध्ये दुसरी पेन्सिल घातली, मग तिसरी. बाटल्या धुणारे काका हात पुसत हे बघत होते.

"बाई, पेन्सिली कशाला वाया घालवताय? शिसं तुटून आत बसलंय. आधी ते काढा."

"कशानं काढू? टाचणी कुठंय?"

"सकाळी तुम्हीच कचऱ्यात टाकलीत की."

बाई हसल्या नाहीत. शार्पनरवरून त्यांची नजर बंद पडलेल्या कुपीकडे गेली. मग घाईघाईने म्हणाल्या, "काका, ती टाकाऊची बाटली ओतलीत का?"

"आता ओतणारच होतो."

"थांबा!"

बाईंनी आमच्या बाटलीतले चार थेंब बंद पडलेल्या कुपीत टाकले. पेशीत इंधनासारखे वापरले जाणारे एटीपी टाकले आणि ताजे जीवनसत्त्वही. मी आत गेलो. साहेब तुटके उराशी धरून बसले होतेच. साहेबांचे काम मोजणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर आडवी पडलेली रेघ वर चढू लागली. पाच मिनिटे झाली, वीस झाली, रेघ चढतच राहिली. बाई खुर्चीत बसून चक्क रडल्या. काकांनी त्यांना पाणी दिले. तेवढ्यात विभागप्रमुख आले, रेघ पाहिली आणि म्हणाले, "वा! काय एन्झाइम आहे!"

मित्रांनो, कौतुक राहू द्या. मागणे एवढेच, की काही बंद पडले तर नवे ओतण्याआधी आत काय अडकले आहे ते बघा, आणि अडकलेले काढणाऱ्याला बेसिनमध्ये ओतू नका. आणखी पुष्कळ बोललो असतो, पण साहेबांनी पुन्हा मोडून ठेवलेले दिसते. निघतो.