सुकन्याचं डबिंग

माझी बायको सुकन्या गेली तेव्हा तिच्या पहिल्या मोठ्या सिनेमाचं डबिंग राहिलं होतं. स्टुडिओत पडद्यासमोर उभं राहून तिला आपलेच संवाद पुन्हा बोलायचे होते. त्याआधीच डेंग्यू झाला. नऊ दिवसांत संपलं.

राहुरीला कॉलेजात असताना ती एकांकिका करायची. मग नगरला चार वर्षं राज्य नाट्य स्पर्धेत उतरली, पुण्यात दोन वर्षं नाटक शिकली. मालिकांत नर्स झाली, शेजारीण झाली. शेजारीण बरी, तिला बोलायला तरी मिळतं, असं म्हणायची. चाळिशी उलटल्यावर हा सिनेमा मिळाला. शूटिंग संगमनेरजवळच्या एका वस्तीवर झालं.

तिथला जनरेटर माझा होता. भिंगारला माझा मंडप-लाइटचा धंदा आहे. शूटिंगला जनरेटर लांब उभा करतात. मी तो घराच्या भिंतीमागेच लावला, कारण तिथून मला सुकन्या दिसायची. साउंडवाला कुरकुरला. दिग्दर्शक अंगद म्हणाला, राहू द्या, आवाज नंतर भरायचाच आहे.

आता अंगदनं तिच्या आवाजासाठी निकिता नावाची मुलगी ठरवली. मी त्याच्या पाया पडलो. आहे तोच आवाज ठेवा म्हणालो. त्यानं पुण्याला स्टुडिओत बोलावून मला ऐकवलं. सगळीकडे माझा जनरेटर. मशीननं तो काढला की सुकन्या पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखी वाटायची.

त्यांची एक अडचण होती. सुकन्यानं बरेच संवाद ऐन वेळी आपल्याकडच्या बोलीत फिरवले होते. कागदावर ते नव्हते आणि त्या घरघरीतून ते फक्त मलाच कळत होते. हेडफोन लावून मी एकेक वाक्य सांगत गेलो. निकिता ते बोलत गेली. पोरगी चांगली बोलत होती. एकेक वाक्य सुकन्याच्या तोंडचं जात होतं, आणि काढून देणारा मीच.

सिनेमाच्या शेवटी दारातून सुकन्या सिनेमातल्या नवऱ्याला एक वाक्य बोलते. मला ते स्वच्छ ऐकू आलं.

"हे नाही कळत," मी म्हणालो.

वाटलं, कळलंच नाही तर आहे तसं ठेवतील. जनरेटरसकट का होईना, एक वाक्य तरी तिचं राहील.

अंगदनं पाच वेळा ऐकवलं. पाचही वेळा मी मान हलवली. मग निकिता पडद्याजवळ गेली. सुकन्याच्या ओठांकडे बघत तिनं आपले ओठ हलवून पाहिले. दोनदा, तीनदा. मागं वळली.

"'जेवून घ्या, मी येती मागनं.' असंच आहे ना, दादा?"

नाही म्हणालो असतो तर त्यांनी दुसरंच काहीतरी लिहिलं असतं, आणि तेच सुकन्याच्या तोंडी कायमचं बसलं असतं.

"हो," मी म्हणालो. "पण 'घ्या' म्हटल्यावर ती जरा थांबते. लगेच नाही बोलत पुढचं."

निकिता माइकपाशी गेली आणि थांबून बोलली.