लाखेखालचा अंगठा

मित्रांनो, मी एक जुना पितळी सूक्ष्मदर्शक आहे. लंडनच्या क्लार्कनवेल भागात, एका घराच्या मागच्या खोलीत, मला डॉक्टर पिम यांच्यासाठी बनवले. जेबेझ थर्लो यांनी माझी नळी कातली, आटे पाडले, भिंगे घासली. पितळ काळे पडू नये म्हणून वर पारदर्शक लाख चढवायचे काम मात्र त्यांच्या बायकोचे, केझायाबाईंचे. त्या गल्लीत ते बायकाच करत. पितळ शेगडीवर तापवायचे आणि मऊ कुंचल्याने लाखेचा हात एकदाच फिरवायचा. त्याआधी घासलेल्या पितळेला उघडे बोट लागू द्यायचे नाही. लागले, तर खूण लाखेखाली कायमची राहते.

माझी नळी शेगडीवर ठेवताना त्यांच्या हातातले फडके घसरले. लाख वाळली आणि अंगठ्याच्या रेषा दिसू लागल्या.

"डॉक्टरांना पिसू बघायची होती. आता आधी तुझा अंगठा दिसेल," जेबेझ म्हणाले.

"पिसवेपेक्षा बराच आहे की. सोमवारी काढून पुन्हा चढवते. आज पाठ धरलीय."

सोमवारी त्या तापाने पडून होत्या. त्याच आठवड्यात त्यांना पुरले.

जेबेझ काम करत राहिले. शेजारीण जेवण आणून ठेवी. कधी ते खाल्ले जाई, कधी तसेच राही. शेगडी मात्र पेटली नाही.

ठरल्या दिवशी डॉक्टर आले. मला खिडकीपाशी नेऊन त्यांनी तिरपे धरले. सगळे छान आहे, एवढा डाग काढून द्या, म्हणाले. जेबेझनी फडके स्पिरिटमध्ये बुडवले. स्पिरिटने लाख लगेच उतरते. फडके माझ्याजवळ आले आणि तिथेच थांबले. एक थेंब टेबलावर पडला.

"हा आमच्या हिचा आहे, डॉक्टरसाहेब."

डॉक्टरांनी टोपी उचलली. "मला दुसरा करून द्या. लागतील तेवढे दिवस थांबतो."

दुसऱ्याला जेबेझनी स्वतःच लाख लावली. पट्टे पट्टे आले. डॉक्टरांनी तो तसाच नेला.

मी फळीवर राहिलो. माझ्यातून कोणी कधी पिसू पाहिली नाही. पुढे जेबेझही गेले. मग पेट्या, माळे, धूळ. आता मी एका घरातल्या कपाटात आहे. माणसे चांगली आहेत. मी फार काळवंडलो म्हणून त्यांनी पॉलिशची डबी आणून ठेवली आहे.

मित्रांनो, जुने पितळ दिसले की लगेच घासायला घेऊ नका. कोरड्या कापडाने धूळ टिपा, तेवढे पुरे. आधी ते खिडकीपाशी न्या, तिरपे धरा आणि नीट बघा. कोणाचा तरी हात असेल.