समोरून यायची गाडी

परसातली खेळण्यातली रेल्वे पुरी झाली की तू मोकळी, असं बाबांनी दोन वर्षांपूर्वी कबूल केलं होतं. तेव्हा तिला वाटलं, परस तो केवढा, दोन महिन्यांत उरकेल. पण बाबा जन्मभर स्टेशनमास्तर होते, तेही केव्हाच उखडून टाकलेल्या एका नऊ मैलांच्या लाईनवर, तीच त्यांना परसात हवी होती, आणि तिथली एक खुंटीसुद्धा ते विसरले नव्हते. मांडीचं हाड मोडल्यापासून ते मागच्या खिडकीपाशी खुर्ची टाकून बसत आणि तिथून हुकूम सोडत. पाण्याची टाकी डावीकडे नव्हे, उजवीकडे. पुलाला कमानी तीन, चार नव्हेत. तिसऱ्यांदा पूल पाडताना ती म्हणाली होती, "बाबा, घोडं पुलापाशी अडलेलं नाही." बाबांना ते ऐकू आलं नाही. सोयीचं तेवढंच त्यांना ऐकू येई.

दुसऱ्या गावी घड्याळदुरुस्तीच्या कारखान्यात तिची जागा धरून ठेवली होती. सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर दुसरी बाई घेणार. भाऊ बाबांना न्यायला तयार होता, वहिनीनं खोलीही रिकामी करून ठेवली होती. अडलं होतं ते फक्त या रुळांवर.

आज शेवटचा रूळ बसला. वीतभर इंजिन तिनं स्टेशनात आणून उभं केलं आणि गुडघ्यांवरची माती झटकत ती खिडकीखाली आली.

"झालं. सोडू गाडी?"

"टोकन?" बाबा म्हणाले.

एकेरी लाईनवर टोकनाचा पितळी गोळा हातात पडल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही, आणि गोळा असतो मास्तरच्या ताब्यात; समोरची गाडी येऊन पोचल्यावरच तो देतो. इथला सुपारीएवढा गोळा तिनंच घासूनपुसून, मोठ्या हौसेनं बाबांच्या हातात दिला होता. स्वतःच्या हातानं पायावर धोंडा, दुसरं काय.

"द्या ना मग."

"समोरची गाडी आली नाही अजून."

"समोरून कुठून येणार? आपल्याकडे इंजिन एकच आहे."

"मग थांबावं लागेल," बाबा शांतपणे म्हणाले. पण गोळ्यावरची मूठ त्यांनी आणखी आवळली. ते घाबरले होते, हे तिला स्पष्ट दिसलं, आणि दया यायच्या आधी तिला रागच आला.

गाडीची कळ हाताशी होती. दाबली असती तर गाडी टोमॅटोच्या वाफ्याला वळसा घालून पार भिंतीपर्यंत गेली असती. म्हाताऱ्यानं खिडकीतून काय उडी मारली असती? तिचा हात पुढे गेला आणि कळीपाशी थांबला. टोकनाशिवाय गाडी सोडायची नाही, हे ती मुळाक्षरांच्याही आधी शिकली होती, याच माणसाच्या मांडीवर बसून. तिनं पुन्हा प्रयत्न केला. कळ दाबवेना.

खिशातला फोन वाजला. कारखान्याचा मुकादम होता.

"सोमवारी येताय ना?"

"थोडं थांबाल का?"

"आता आणखी कशासाठी?"

तिनं रिकाम्या रुळांकडे पाहिलं.

"समोरून एक गाडी यायचीय," ती म्हणाली.